समुद्रातले रथ

उज्जैनात घर असलं की माणसाला नातेवाईक किती असतात, याची पुण्या-नाशकाकडच्या लोकांना कल्पना यायची नाही. इथे महाकाल आहे. त्यामुळे नवऱ्याच्या आतेभावाच्या व्याह्यांचे शेजारी हेसुद्धा आमचे नातेवाईक होतात. त्यांचा फोन येतो, 'काही त्रास करून घेऊ नका हं, नुसती पाठ टेकायला जागा हवी.' ती पाठ येते तेव्हा तिच्याबरोबर सकाळचा चहा, बादल्या बादल्या गरम पाणी, दोन वेळचं जेवण, रामघाट, महाकालाची रांग आणि परतीच्या गाडीसाठी दशम्या असं सगळं येतं. लग्न होऊन मी फ्रीगंजातल्या या घरात आले त्याला तेहेतीस वर्षं झाली. मी दमले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी भक्तिभावाची अपेक्षा ठेवायला नको.

घर काही मोठं नाही. खाली तीन खोल्या, वर दोन, मागे मोरी आणि कपडे वाळत घालायच्या तारा. माणसं आम्ही तीन: मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई. मी सरकारी शाळेत गणित शिकवत होते, नवरा बँकेत होता. आता दोघंही निवृत्त. निवृत्तीनंतर त्याने एकच काम अंगावर घेतलं आहे, फोन उचलून 'या की, घर तुमचंच आहे' असं म्हणायचं. तो 'या की' म्हणतो आणि उशांचे अभ्रे मी बदलते.

येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढून आत आला की समोरच्या भिंतीवरच्या चित्राकडे बघतो. जुनं छापील चित्र आहे, धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर उठवतात तसलं, आणि मग त्यावर कुणीतरी हाताने फिके रंग भरलेले. तिन्ही बाजूंनी समुद्र. मधे चढावर पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेली पांढरी घरं, सगळ्यात वर एक उंच टोकदार शिखर आणि शिखरावर निशाण. खाली पाण्यात लांबवर गेलेला लाकडी धक्का, शिडाच्या होड्या. पुढच्या बाजूला वाळूवर काही माणसं, छत्र्या घेतलेल्या बायका. आणि उथळ पाण्यात, अर्धी चाकं बुडालेल्या पाच चौकोनी गाड्या, वर उतरतं छप्पर, एकीला घोडा जोडलेला.

ही बेट द्वारका, असं आमच्या घरात चार पिढ्या सांगत आले. नवऱ्याचे पणजोबा संस्थानात सरकारांच्या दफ्तरात कारकून होते. कुणी गोरा साहेब बदली होऊन निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान दफ्तरातल्या लोकांत वाटलं गेलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला घड्याळ, पणजोबांच्या वाट्याला हे चित्र आलं. बेट तर उघड दिसत होतं. शिखरावर ध्वजा होती. आणि पाण्यात रथ होते, घोड्यासकट. भगवंताशिवाय समुद्रात रथ घालणार कोण? त्यांनी चित्राला देवाच्या तसबिरीसारखी लाल मखमलीची पट्टी चारी बाजूंनी लावून घेतली, काच बसवली आणि भिंतीवर चढवलं. छत्र्यांबद्दल मी नवी नवरी असताना एकदा विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, द्वारकेला ऊन फार असतं.

सासूबाई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. सतराव्या वर्षी इंदूरहून या घरात आल्या त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या चित्रापुढे निरांजन ओवाळत आल्या. एकादशीला तुळस. काचेवर हळदकुंकू नेमकं रथांवर, पाचही रथांवर, एकेक बोट. काच पुसली तरी खालच्या चौकटीला लालसर डाग कायमचा बसला आहे.

त्यांना द्वारकेला जायचं होतं. दुसरं काही त्यांनी कधी मागितल्याचं मला आठवत नाही. सासरे शाळामास्तर होते, त्यांनी लग्नानंतर लगेच कबूल केलं होतं, तुला समुद्र दाखवीन आणि बेटावर नेईन. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणं ठरलंसुद्धा. तिकिटं आली, ट्रंक भरली, वळकटी बांधली, डबाभर दशम्या झाल्या. दारात टांगा थांबला म्हणून सासूबाई पदर सावरत बाहेर आल्या, तर टांगा यांना न्यायला आलेला नव्हताच. त्यातून नागपूरचे मामेसासरे उतरत होते. मागच्या टांग्यातून त्यांची बाकीची मंडळी. एकूण नऊ जण. येतोय म्हणून टाकलेलं त्यांचं पोस्टकार्ड त्यांच्यामागून दोन दिवसांनी आलं. सासऱ्यांनी तिथल्या तिथे वळकटी सोडून गाद्या पसरल्या. सासूबाईंनी दशम्यांचा डबा उघडून सगळ्यांना वाढलं. हा किस्सा त्या नेहमी हसत हसत सांगायच्या आणि ऐकणारेही हसायचे. ऐकणारे म्हणजे पाहुणेच.

त्यानंतर पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी असं होत राहिलं. मग सासरे गेले. मग गुडघे गेले.

रामघाटाचंही सांगायला हवं. पाहुण्यांना नदीवर, घाटावर स्नानाला नेणं हे आमच्या घरच्या बायकांचं काम. पुरुष पाण्यात उड्या मारून, टॉवेल गुंडाळून मोकळे होतात. बायकांचं तसं नसतं. ओल्या साडीने वर आल्या की त्यांना कपडे बदलायला आडोसा लागतो. आता तिथे खोल्या बांधल्या आहेत, पण गर्दीच्या दिवशी त्यांच्यापुढे रांग आणि रिकाम्या मिळाल्या तर कडी नाही. म्हणून घरची एक जुनी जाड सुती साडी न्यायची, ती दोन्ही हातांनी उंच धरायची, मान दुसरीकडे वळवायची आणि उभं राहायचं. एकीचं झालं की दुसरी. खांद्यांना कळ लागते, पण हात खाली आणता येत नाहीत. शिवाय त्यांच्या पर्सा, साखळ्या, चपला आपल्या पायाशी. घरचं माणूस पाण्यात गेलं तर हे कुणी बघायचं? आधी सासूबाईंनी हे केलं, मग मी. आपण दोन बोटं पाणी डोक्याला लावून घ्यायचं आणि पुढच्या रिक्षेला हात करायचा. तेहेतीस वर्षांत मी रामघाटावर एकदाही बुडी मारलेली नाही. हे सांगितलं तर बाहेरगावच्या लोकांना खरं वाटत नाही.

गेल्या महाशिवरात्रीला आमच्याकडे एकामागून एक तीन तुकड्या येऊन गेल्या. शेवटची गेली त्या दिवशी सासूबाईंनी मला बोलावून समोर बसवलं.

"अगं, द्वारका काही आता आपल्यानं होत नाही," त्या म्हणाल्या. "मी खूप विचार केला. हे चित्र नीट करून आण. काचेच्या आत कसर लागून राहिली आहे. नवीन काच बसव. मग चांगला दिवस बघून मी याचंच दर्शन घेते आणि मावंदं घालून टाकू. म्हणजे माझी यात्रा निपटली."

मावंदं म्हणजे यात्रेहून परतल्यावर घालायचं जेवण. ते घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही.

"किती पानं?" मी विचारलं.

"जास्त नाही. पन्नास."

पन्नास पानं म्हणजे पुरण, वाटप, खीर, दोन भाज्या, आणि बाहेरगावची माणसं चार दिवस आधी येणार. जी बाई पाहुण्यांपायी एकदाही घराबाहेर पडू शकली नाही, तिची न झालेली यात्रा पुरी करायला मी आणखी पाहुणे बोलवायचे. पण तोंडाने मी 'हो आई' म्हणाले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाने एवढं एकच मागितलं तर नाही कसं म्हणायचं?

टावर चौकात एक म्हातारे फ्रेमवाले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र चादरीत गुंडाळून मी त्यांच्या दुकानात नेलं. त्यांनी मागचे खिळे काढले, काच उचलली आणि मखमलीची पट्टी हळूहळू सोडवली. पट्टीखाली बोटभर पांढरा कागद होता. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती.

"मैडम, नीचे तो कुछ लिखा है," ते म्हणाले. "आप पढ़ो. मुझे तो ये द्वारका-वारका नहीं लगता. ये विलायत का काम है."

मी चष्मा लावला. गावाचं नाव कसरीने खाल्लं होतं, पण ते कुठल्याशा इंग्रजी बेटावरचं आहे एवढं कळत होतं. त्याखाली चित्रातल्या जागांची नावं. हे हॉटेल, हा धक्का, हे चर्च, हा फिरायचा रस्ता. आणि पाण्यातल्या गाड्यांच्या बरोबर खाली त्यांचंही नाव होतं. ते मला समजेना, म्हणून तिथेच स्टुलावर बसून मोबाइलवर बघितलं. पूर्वी त्या देशात बायकांनी समुद्रात आंघोळ करायची तर किनाऱ्यावर कपडे कसे बदलणार? म्हणून या लाकडी खोल्या. बाई आत शिरायची, दार लावायची, घोडा ती खोलीच ओढत पाण्यात न्यायचा. आत कपडे बदलून बाई पलीकडच्या दाराने थेट पाण्यात उतरायची. कुणाला दिसायला नको.

मी मोठ्याने हसले. चार पिढ्या आम्ही कपडे बदलायच्या खोल्यांना कुंकू लावत होतो. फ्रेमवाले माझ्याकडे बघत राहिले. मग माझं हसू आपोआप थांबलं, कारण घरी सासूबाई मावंद्याची यादी करत बसल्या होत्या.

"वापस मखमल लगा दूँ?" त्यांनी विचारलं. "ढँक जाएगा."

"लगा दीजिए," मी म्हणाले. "पूरा ढँक दीजिए."

खरं सांगते, मी ते झाकायचंच ठरवलं होतं. संध्याकाळी नवी काच, नवी मखमल असलेलं चित्र घेऊन मी घरी आले तेव्हाही माझं तेच ठरलेलं होतं. दारातच नवऱ्याचा आवाज ऐकू आला, "या की, घर तुमचंच आहे." फोन ठेवून तो म्हणाला, "सात जण आहेत. उद्या सकाळी येऊन राहिलेत. दोनच दिवसांची तर बात आहे." कालच्या चादरी अजून तारेवर ओल्या होत्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "आलीस का? अगं, पन्नास नाही पुरायचे. साठ पानं धर. आणि पुरण तू घरीच कर हं, बाहेरचं नको. द्वारकेचं मावंदं आहे."

चित्र मी जेवणाच्या टेबलावर आपटलंच म्हणायचं.

"कसली द्वारका, आई?" मी म्हणाले. "ही द्वारका नाहीये. हे इंग्रजांचं हवा खायचं गाव आहे. ते देऊळ नाही, चर्च आहे. आणि ते रथ म्हणजे बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्या आहेत. खाली लिहिलंय सगळं. साठ वर्षं तुम्ही त्यांना ओवाळताय आणि आता मी साठ माणसांचं पुरण घालू?"

नवरा 'अगं, अगं' करत राहिला. सासूबाईंनी हातातला यादीचा कागद चारपदरी घडी करून उशाखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडव्या झाल्या. त्या संध्याकाळी निरांजन लागलं नाही. चित्र मी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे सरकवलं. मला माझीच लाज वाटत होती आणि तरीही चादरी वाळल्या की नाही ते बघायला मी मागे गेलेच.

सात जण आले. दोन दिवस राहिले. एका बाईंनी विचारलंसुद्धा, "तुमच्याकडे ती द्वारका होती ना, ती कुठे गेली?" मी म्हणाले, दुरुस्तीला दिली आहे. सासूबाई सगळ्यांशी बोलल्या, आशीर्वाद दिले, पण माझ्याशी एक शब्द नाही. ताट पुढे ठेवलं की जेवायच्या, औषध दिलं की घ्यायच्या. सदुसष्ट वर्षांचा देव मी एका वाक्यात उचलून नेला होता, आणि कशासाठी, तर पुरण घालायला नको म्हणून. घाटावर मी साडी धरून उभी होते तेव्हाही डोक्यात तेच चाललं होतं. त्या सात जणांत चार बायका होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे नानाखेड्याला बस पकडायला गेले. नवरा त्यांना पोचवायला गेला. मी चादरी भिजवत होते तेव्हा आतून हाक आली.

"ते चित्र काढ. आणि माझं भिंग दे."

मी हात पुसून चित्र काढलं, त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हातानेच मला गप्प केलं. भिंग घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग रथावर, म्हणजे त्या गाडीवर बोट ठेवलं.

"यात कोण बसतं म्हणालीस?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. खोली, घोडा, दोन दारं. एक वाळूकडचं, एक पाण्याकडचं.

"म्हणजे कुणाला साडी धरून उभं नाही राहावं लागत."

"नाही."

"एकेकीला आख्खी खोली. वर घोडा."

"हो."

त्यांचे ओठ नुसतेच हलत होते. मला वाटलं, रडतायत. पण त्या मोजत होत्या. म्हणाल्या, "मी सतराव्या वर्षी पहिल्यांदा साडी धरली. लग्नाला महिना नव्हता झाला. तू आलीस तोवर मीच धरत होते. किती बायकांना धरली असेल, सांग? माझ्यासाठी एकदाही कुणी नाही धरली. धरणार कोण? मी पाण्यात कधी गेलेच नाही न."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे डोळ्यांसमोर होतं, पण मला वाटायचं, माझ्या आधी कधीतरी, सासरे असताना, पर्वणीला, त्या गेल्या असतील. मीच एकटी कोरडी राहिले असं मी तेहेतीस वर्षं समजत होते आणि त्याचा राग मनात धरून बसले होते. थोडा त्यांच्यावरही.

त्यांचं बोट पुढे सरकलं. वाळूवर एक बाक आहे, त्यावर छत्र्या घेतलेल्या तीन बायका. चित्रात त्या नखाएवढ्या आहेत.

"आणि ह्या? कुणाची वाट बघून राहिल्यात?"

"कुणाची नाही. हवा खायला आल्यात. बसल्यात."

"नुसत्या?"

"नुसत्या."

"मग स्वयंपाक?"

"ते मागे हॉटेल आहे ना, तिथे. दुसरं कुणीतरी करतं."

सासूबाईंनी भिंग खाली ठेवलं. "मला तिथेच जायचं होतं," त्या म्हणाल्या. "मला उगीच वाटत होतं की द्वारकेला जायचंय. द्वारकेला गेले असते तरी कुणाच्या तरी चपला सांभाळत बसले असते." आणि मग, "तू दमली आहेस. मला दिसतं. मी बोलत नाही, कारण बोलले तर काम कोण करेल?"

मी त्यांच्या पायांशी पलंगावर बसले आणि चांगली रडले. त्यांनी मला थोपटलं वगैरे नाही. तसा आमच्या घरात रिवाज नाही. त्या म्हणाल्या, "यादी फाडून टाक. मावंदं नाही घालायचं. यात्रा झालीच नाही तर मावंदं कशाचं?" मी उशाखालचा कागद काढला आणि फाडला. माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. कारण आता त्यांच्याकडे द्वारकाही नव्हती आणि ते बेटही नव्हतं. समुद्र तर नव्हताच.

चित्र पुन्हा भिंतीवर गेलं. मखमल त्यांनी मला काढून टाकायला लावली. अक्षरं दिसली पाहिजेत म्हणाल्या. निरांजन आता देवघरातच लागतं. संध्याकाळी कधी कधी त्या खुर्ची ओढून चित्रासमोर बसतात, त्या बायकांसारख्याच, नुसत्या.

चारपाच दिवसांनी, फाल्गुनातल्या एका दुपारी, नवरा जेवून आडवा झालेला असताना त्या काठी घेऊन दारात उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी होती.

"रिक्षा बोलाव," त्या म्हणाल्या. "रामघाटावर जाऊ."

"आत्ता? कोण आलंय?"

"कोणी नाही आलेलं. म्हणूनच जायचंय."

कामाच्या दिवसाची दुपार. घाटावर गर्दी नव्हती. ऊन होतं, पायऱ्या तापल्या होत्या, पलीकडे दोन होडीवाले सावलीत पत्ते खेळत होते. एक चहावाला किटली घेऊन फिरत होता. मी सासूबाईंना धरून एकेक पायरी उतरवली. एक गुरुजी लगबगीने आले. "माताजी, संकल्प? पूजन करवाना है?"

"नहीं महाराज," सासूबाई म्हणाल्या. "हम तो ऐसे ही आए हैं. बैठने."

गुरुजींना ते पटलं नसावं. थोडा वेळ ते तिथेच घुटमळले आणि निघून गेले. आम्ही बसलो. मग त्या म्हणाल्या, मला पाण्यात उतरव. मी घाबरले, गुडघे, पाय घसरला तर, सर्दी झाली तर. त्यांनी ऐकलं नाही. घाटाची लोखंडी साखळी एका हाताने आणि मला दुसऱ्या हाताने धरून त्या दोन पायऱ्या पाण्यात उतरल्या, खाली बसल्या आणि गळ्यापर्यंत भिजल्या. तीन वेळा डोकं बुडवलं. वर आल्या तेव्हा थरथरत होत्या आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत होत्या. काही मंत्र वगैरे म्हणाल्या नाहीत. "बरं आहे गं," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना वर आणलं आणि पिशवीतली ती जुनी जाड साडी काढून धरली. हात उंच, मान दुसरीकडे. आयुष्यात पहिल्यांदा मला खांद्यांची कळ जाणवली नाही. त्यांना वेळ लागला, पण झालं. कोरड्या साडीत त्या घाटावरच्या एका जुन्या समाधीच्या दगडी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. माझ्या हातातली साडी त्यांनी स्वतःकडे ओढली.

"आता तू जा."

"मी? मला कशाला आई? मी कपडे नाही आणलेले."

"पिशवीत बघ."

पिशवीच्या तळाशी माझी निळी साडी होती, परकर-ब्लाउजसकट, घडी घातलेली. मी ठेवली नव्हती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई माझं कपाट उघडून ती घेऊन आली होती.

मी पाण्यात गेले. चार पायऱ्या उतरले आणि डोकं खाली घातलं. फार पुण्यवान काही वाटलं नाही. कानात पाणी गेलं आणि बाहेरचं सगळं ऐकू यायचं बंद झालं, एवढंच. मी जमेल तेवढा वेळ खालीच राहिले.

वर आले तेव्हा सासूबाई दोन्ही हातांनी साडी धरून उभ्या होत्या. हात लटलट कापत होते. साडी माझ्या खांद्यापर्यंत होती, मग खाली आली, मग आणखी खाली. होडीवाल्यांनी सभ्यपणे पत्त्यांत डोकं घातलं.

"आई, फार खाली आलीय," मी म्हणाले.

"येऊ दे. तुला आता कोण बघायला बसलंय," त्या म्हणाल्या आणि नियमाप्रमाणे मान दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात पिशवीत माझा फोन वाजायला लागला. नवराच असणार. जागा होऊन त्याने फोन घेतला असणार, 'या की' म्हटलं असणार, आणि आता किती जण ते सांगायला मला शोधत असणार. हात ओला होता तरी मी सवयीने पिशवीकडे वाकले.

"वाजू दे," सासूबाई म्हणाल्या. "मी धरलंय. तू सावकाश आटप."

सावकाश हा शब्द आमच्या घरातल्या कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. त्यांचे हात कापत होते हे मला दिसत होतं. तरी मी एकेक निरी नीट, सारखी करून घातली.